कोलोनच्या कार्निव्हलला दोघांनी पहिल्यांदा जायचं तर

श्रावण लागायच्या आदल्या अमावास्येला आपल्याकडे जे चालतं, त्यामागचं कारण ज्याला ठाऊक आहे त्याला युरोपातला कार्निव्हल वेगळा समजावून सांगावा लागत नाही. ईस्टरच्या आधी चाळीस दिवसांचा उपवासाचा काळ असतो. तो राखेच्या बुधवारी सुरू होतो, म्हणून त्याआधीच्या दिवसांत खाणं, पिणं, सोंगं, गाणी असं सगळं मनसोक्त करून घ्यायचं. गोव्याचा इंत्रुज याच दिवसांतला. पणजीत किंग मोमोची मिरवणूक निघते त्याच शनिवारी जर्मनीत कोलोनची माणसं वाघ, मधमाशा आणि विदूषक होऊन ट्रामने फिरत असतात. फरक हवेचा. पणजीत घाम येतो, कोलोनमध्ये दुपारी पाच ते आठ अंश आणि पहाटे शून्याच्या आसपास, वर बऱ्याचदा पाऊस. पहिल्यांदा जाणारी जोडपी बहुतेक इथेच फसतात.

व्हेनिसला मुखवटे बघायला जातात. बाझेलला प्रेक्षकांनी साध्या कपड्यांत कडेला उभं राहायचं असतं. कोलोनमध्ये बघणाराही सोंगात असतो, आणि जो नसतो तोच वेगळा दिसतो. पुढचं सगळं नियोजन त्यावर ठरतं, म्हणून ते आधी सांगितलं.

तारीख आणि दिवस

रस्त्यावरचा कार्निव्हल गुरुवारी सुरू होतो आणि पुढच्या मंगळवारी मध्यरात्री संपतो. मुख्य मिरवणुकीचा सोमवार, म्हणजे रोझनमोंटाग, ईस्टरच्या रविवारच्या ४८ दिवस आधी येतो. त्यामुळे तारीख दरवर्षी हलते. २०२७ मध्ये गुरुवार ४ फेब्रुवारीला आणि सोमवार ८ फेब्रुवारीला आहे. २०२८ मध्ये तेच दिवस २४ आणि २८ फेब्रुवारीला येतात. तिकीट काढण्याआधी ईस्टरची तारीख बघून हे स्वतः मोजून घ्या. ‘फेब्रुवारीतला दुसरा आठवडा असेल’ अशा अंदाजाने गेलेल्यांना रिकामे रस्ते मिळतात.

११ नोव्हेंबरला सकाळी ११ वाजून ११ मिनिटांनी हंगामाचा नारळ फुटतो, तेव्हाही शहरात मोठी गर्दी होते. पण तो एका दिवसाचा जल्लोष, त्यात मोठी मिरवणूक नसते. गाड्या, घोडे आणि चॉकलेटांचा पाऊस हवा असेल तर फेब्रुवारीच धरा.

गुरुवार बायकांचा. त्या दिवशी बायका पुरुषांचे टाय कात्रीने कापतात, आणि अकरा वाजून अकरा मिनिटांनी आल्टर मार्क्ट या जुन्या चौकात रस्त्यावरच्या कार्निव्हलची सुरुवात होते. ऐकायला छान वाटतं, पण पहिल्या खेपेला गुरुवार टाळावा असं आमचं स्पष्ट मत आहे. सकाळपासून पिणं सुरू होतं. विद्यापीठाजवळचा त्स्युल्पिशर श्ट्रासेचा भाग तरुण मुलांनी इतका भरतो की पोलीस आत जायचे रस्ते बंद करतात. मध्ये अडकलं की बाहेर पडायलाच तास जातो. तरी गुरुवारीच पोहोचणार असाल तर पुरुषांनी टाकून द्यायचा टाय बांधावा, चांगला रेशमी टाय वाचणार नाही.

नवख्या जोडप्यासाठी शनिवार दुपार ते सोमवार संध्याकाळ हा सगळ्यात उत्तम बेत. सोमवारची एक रजा काढावी लागते. ती मिळत नसेल तर शुक्रवार रात्र ते रविवार रात्र असं जा. रविवारची मिरवणूक बघून परतलात तरी पैसे वसूल होतात.

व्हिसा, गाडी, मुक्काम

जर्मनीत, नेदरलँड्समध्ये किंवा शेंगेनमधल्या कुठल्याही देशात राहत असाल तर पासपोर्ट आणि निवास परवान्याचं कार्ड पुरतं. कार्डाचा फोटो चालत नाही, मूळ कार्ड जवळ ठेवा. लंडन-डब्लिनला राहणाऱ्या भारतीय पासपोर्टधारकांना शेंगेन व्हिसा लागतो, तसाच तो मुंबई-पुण्याहून जाणाऱ्यांनाही लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. प्रौढांना शुल्क ९० युरो, आणि किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा. फेब्रुवारीसाठी अर्जाची वेळ दिवाळीच्या आधीच घेऊन टाका. नाताळच्या सुट्टीवाल्यांची झुंबड त्याच सुमारास असते.

कोलोन-बॉन विमानतळावरून लोकल पंधरा मिनिटांत मुख्य स्टेशनात आणते. फ्रँकफर्ट विमानतळावरून वेगवान गाडीने साधारण तासाभराचा रस्ता आहे. इथे एक खोच आहे. काही वेगवान गाड्या मुख्य स्टेशनावर न जाता नदीपलीकडच्या डॉयत्स स्टेशनावरच थांबतात. तिकिटावर ‘मेसे/डॉयत्स’ असं लिहिलं असेल तर तिथेच उतरा. मुख्य स्टेशन तिथून एका लोकलच्या थांब्यावर आहे, किंवा होएनत्सोलर्न पुलावरून चालत पंधरा मिनिटं. पुलाच्या कठड्यावर जोडप्यांनी लावलेली हजारो कुलुपं आहेत आणि समोर १५७ मीटर उंच कॅथेड्रल. सामान हलकं असेल तर चालतच जा.

हॉटेल चार-पाच महिने आधी बघा. जुन्या शहरातल्या खोल्या महाग तर असतातच, पण खरी अडचण आवाजाची. खिडकीखाली पहाटे तीनपर्यंत ढोल आणि गाणी चालतात. नदीच्या उजव्या काठावर डॉयत्स किंवा म्युलहाइम चांगलं. तेही न परवडल्यास रेल्वेने अर्ध्या तासावरचं बॉन. ड्युसेलडॉर्फही तितक्याच अंतरावर आहे, पण तिथे त्यांचा स्वतःचा कार्निव्हल असतो आणि दोन शहरांमधली चुरस जुनी आहे. ड्युसेलडॉर्फची आरोळी ‘हेलाउ’, कोलोनची ‘आलाफ’. कोलोनच्या रस्त्यात हेलाउ ओरडू नका, वातावरण क्षणात थंड पडतं.

हॉटेल ठरवताना नकाशावर मिरवणुकीचा मार्ग काढून बघा. सोमवारी तो मार्ग दोन्ही बाजूंनी अडवलेला असतो आणि तीन-चार तास ओलांडता येत नाही. हॉटेल एका बाजूला आणि स्टेशन दुसऱ्या बाजूला असेल तर नॉयमार्क्टसारख्या जमिनीखालच्या स्टेशनांतून पलीकडे जायचं. ट्राम-लोकलसाठी २४ तासांचं तिकीट एकट्यासाठी आणि पाच जणांसाठी असं दोन प्रकारांत मिळतं. दोघांची दोन काढायची की पाच जणांचं एक, हे मशिनसमोर उभं राहून एकदा मोजा. सोबत आणखी एखादं जोडपं असेल तर पाच जणांचंच घ्या.

सोंग घ्यायचं, पण गारठायचं नाही

सोंग म्हणजे वरचा शेवटचा थर, हे डोक्यात पक्कं असू द्या. त्याखाली काय आहे त्यावर दिवस निभतो. अंगाला चिकटून थर्मल, वर आणि खाली दोन्ही. त्यावर फ्लीस किंवा पातळ लोकरी स्वेटर. त्यावर सोंग. म्हणून सोंग नेहमीच्या मापापेक्षा एक किंवा दोन मापांनी मोठं घ्या आणि घरीच सगळे थर घालून हात वर करून बघा. मिरवणुकीत हात सतत वर असतात. खांद्यात किंवा काखेत ओढलं जात असेल तर तासाभरात शिवण उसवते.

सोंगावर जॅकेट घालायचा विचार सोडून द्या. जॅकेट घातलं की सोंग दिसत नाही, काढलं की थंडी वाजते, आणि मग ते दिवसभर हातात. पावसासाठी पारदर्शक प्लास्टिकचा पोंचो खिशात ठेवा. छत्री नको, मागच्यांच्या डोळ्यांत जाते आणि पुढचं कुणालाच दिसत नाही.

थंडी वरून येते त्यापेक्षा खालून जास्त येते. दगडी रस्त्यावर चार तास उभं राहिलं की तळवे बधिर होतात आणि मग सगळं अंग गारठतं. जाड तळाचे, पाणी न शिरणारे बूट, आत दोन मोजे, आणि बुटात बोटं हलवता येतील इतकी जागा. दोन मोज्यांनी बूट घट्ट झाला तर एक मोजा बरा, कारण दाबलेल्या पायात रक्त फिरत नाही. पुठ्ठ्याचा एक तुकडा सोबत न्या आणि त्यावर उभे राहा. फरक दहा मिनिटांत कळतो.

अंगभर एकसंध केसाळ पोशाख, म्हणजे पुढे एकच चेन असलेला वाघ-युनिकॉर्न छापाचा, दुकानात सगळ्यात मोहात पाडतो. उबदार असतो हे खरं. पण तात्पुरत्या शौचालयात दोन अंश तापमानात ती चेन पोटापर्यंत उघडून पोशाख गुडघ्यावर धरून उभं राहावं लागतं, आणि शेपटी ओल्या फरशीवर. बायकांना तर हे फारच जड जातं. वर वेगळं, खाली वेगळं असं दोन भागांचं सोंग घ्या.

जोडीचं सोंग करायचं असेल तर दोन कसोट्या लावा. गर्दीत वीस पावलांवरून एकमेकांना ओळखता यायला हवं, म्हणून एखादा भडक रंग दोघांनाही सारखा ठेवा. आणि एकटं पडलं तरी प्रत्येकाचं सोंग पूर्ण वाटायला हवं. दोघांत मिळून एक घोडा, किंवा दोरीने बांधलेली जोडी, असली सोंगं ट्रामच्या दारातच हरतात.

नऊवारी आणि फेटा नेण्याचा विचार बरेच मराठी लोक करतात. करता येतं आणि दिसतंही देखणं. नऊवारी काष्ट्याची असल्यामुळे चालायला अडचण होत नाही, आत जाड थर्मल लेगिंग सहज मावतं. मात्र काठ घोट्याच्या वर चार बोटं राहील अशी नेसा, नाहीतर चिखल, बिअर आणि चुरडलेलं चॉकलेट काठात बसतं. पैठणी नको, धुता येईल असं सुती-मिश्र लुगडं घ्या. बांधलेला तयार फेटा आत पातळ लोकरी टोपी घालून बसतो, त्याने कानही झाकले जातात. वासुदेवाचं सोंग इथे फार छान उठून दिसेल, पण मोरपिसांची ती उंच टोपी मागच्या चार ओळींचं दृश्य अडवते. ती घातली तर सगळ्यात मागे, भिंतीला टेकून उभे राहा. दुसऱ्या एखाद्या समाजाची चेष्टा होईल असं सोंग, तोंड काळं करणं वगैरे, अजिबात नको.

यातलं काहीच जमलं नाही तर लाल-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांचा टी-शर्ट स्वेटरवर चढवा, गालांवर दोन लाल ठिपके काढा आणि डोक्यावर विदूषकाची टोपी. लाल-पांढरा हा शहराचा रंग आहे. एवढ्यावरही तुम्ही त्यांच्यातले होता. कोलोनच्या दुकानांत शनिवारपर्यंत हे सगळं मिळतं, रविवारी दुकानं बंद.

मुखवट्यापेक्षा रंग बरा. मुखवट्यात श्वासाची वाफ जमते, चष्मा धुकटतो आणि खातापिताना तो सारखा काढावा लागतो. पाण्यात विरघळणारा चेहऱ्याचा रंग घ्या, लावण्याआधी तोंडाला क्रीम लावू नका, रंग धरत नाही. थंडीने ओठ फुटतात तेवढ्यासाठी ओठांना मलम पुरे. खरी वाटेल अशी खेळण्यातली बंदूक किंवा धारदार पात्याचं काहीही सोबत नको. पोलीस ते काढून घेतात आणि चौकशीत दुपार जाते.

सोंगाला आतून एक खिसा शिवून घ्या. पासपोर्ट किंवा कार्ड, एक बँक कार्ड आणि दोनशे-एक युरो तिथे. बाहेरच्या खिशात फक्त सुटे पैसे. सेफ्टी पिना सहा तरी असू द्या.

शनिवार

सामान खोलीवर टाकून आधी सुपरमार्केट गाठा. रविवारी जर्मनीत दुकानं बंद असतात, आणि सोमवारी सरकारी सुट्टी नसली तरी कोलोन व्यवहारात बंदच असतं. दोन दिवसांचं पाणी, फळं, ब्रेड, चीज, बिस्किटं आजच भरा.

शनिवारी नॉयमार्क्टच्या चौकात सकाळी ‘रोटे फुंकन’ या १८२३ साली स्थापन झालेल्या मंडळाचा तळ पडतो. लाल-पांढऱ्या गणवेशातले हे ‘सैनिक’ म्हणजे जुन्या शहर-शिपायांची थट्टा. पाठीला पाठ लावून ढुंगण घासायचा त्यांचा एक नाच आहे, तो पाहून कोलोनची माणसं सत्तेकडे कशी बघतात ते समजतं. वर्ष १८२३ लक्षात ठेवा: संघटित कार्निव्हल आणि सोमवारची पहिली मिरवणूकही त्याच सालची. त्याआधीचा कार्निव्हल मोकाट असे, मग गावातल्या प्रतिष्ठितांनी समिती नेमून त्याला शिस्त लावली. सार्वजनिक गणेशोत्सव पाहिलेल्या माणसाला मंडळं, वर्गणी, गणवेश, मानापमान हे सगळं ओळखीचं वाटेल.

रात्री भुतांची मिरवणूक असेल तर तिच्यात चालत जा. हिची सुरुवात १९९१ ची. आखाती युद्धामुळे त्या वर्षी सोमवारची मिरवणूक रद्द झाली, तेव्हा लोक स्वतःच रस्त्यावर आले. गाड्या नाहीत, चॉकलेटं नाहीत, प्रेक्षक-कलाकार असा भेद नाही. काळे किंवा पांढरे कपडे घालून कुणीही सामील होतं. ती दरवर्षी निघतेच असं नाही, मार्गही बदलतो, तेव्हा आधी बघून घ्या.

रविवार

रविवारची मिरवणूक शाळांची आणि आळ्यांची. नाव जिभेला जड आहे: ‘शुल उन फेडेल्सत्सोश’. फेडेल म्हणजे आळी किंवा पेठ. प्रत्येक शाळा एक विषय घेते आणि पोरं, आईबाप, शिक्षक महिनोन्‌महिने कापडं कापून सोंगं शिवतात. दुधाच्या खोक्यांचे रोबो, छत्र्यांच्या जेलीफिश, पुठ्ठ्याची ट्राम. व्यावसायिक झगमगाट नाही, म्हणून बघायला जास्त गंमत. यातली निवडक मंडळं दुसऱ्या दिवशी सोमवारच्या मोठ्या मिरवणुकीत जातात, त्यामुळे पोरांची चुरस खरी असते. गर्दीही सोमवारपेक्षा कमी. हात बसवायला, आरोळ्या शिकायला हा दिवस योग्य.

शिकायच्या आरोळ्या चारच. पहिली ‘क्योले आलाफ’. एकजण ‘क्योले’ म्हणतो, सगळे ‘आलाफ’ म्हणत हात वर करतात, असं तीनदा. दुसरी ‘कामेले’, म्हणजे गोळ्या-चॉकलेटं फेका. तिसरी ‘श्ट्रुसये’, म्हणजे फुलांचा छोटा गुच्छ. चौथी, मिरवणूक लांबून दिसली की म्हणायची: ‘डर त्सोख क्युट’, आली रे आली. ही कोलोनची बोली, पुस्तकी जर्मनपेक्षा वेगळी. उच्चार चुकला तरी कुणी हसत नाही, गप्प उभं राहिलात तर मात्र हाती काही लागत नाही.

फेकणारा माणूस गर्दीवर सरसकट फेकत नसतो. तो चेहरे शोधत असतो. त्याच्या डोळ्यांत बघा, हात उंच करा, ओरडा, आणि सोंग चांगलं असेल तर तो नेम धरून तुमच्याकडेच टाकतो. चॉकलेटच्या वड्या आणि अख्खी खोकी वरून वेगात येतात, म्हणून थोडं तिरकं उभं राहा आणि दुसरीकडे बघू नका. चष्मेवाल्यांनी विशेष जपावं. काही लोक छत्री उलटी धरून झेलतात. तुम्ही करू नका, शेजारच्या लहान पोरांच्या वाटचं जातं. कापडी पिशवी गळ्यात अडकवा, हात मोकळे राहतात. खाली पडलेलं उचलायला गाडीच्या चाकाजवळ कधीही वाकू नका. चाकांच्या बाजूने रक्षक चालत असतात, त्यांनी हात आडवा केला की मागे सरायचं.

शाकाहारी मंडळींनी एक लक्षात ठेवा. चिकट, रबरी गोळ्यांमध्ये बहुतेक वेळा जिलेटिन असतं, आणि ते बऱ्याचदा डुकराचं. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात ‘श्वाइनेगेलाटीने’ असं छापलेलं असतं. चॉकलेट, वेफर, पॉपकॉर्न बिनधास्त खा, रबरी अस्वलं वाचल्याशिवाय तोंडात टाकू नका.

सोमवार

मोठी मिरवणूक सकाळी दहाच्या सुमारास दक्षिणेकडच्या क्लोडविगप्लात्सजवळून निघते आणि सात-आठ किलोमीटर चालते. एका जागी उभं राहिलं तर पूर्ण पुढून जायला तीन-चार तास. म्हणजे सुरुवातीच्या भागात उभे राहिलात तर दुपारी दीड-दोनला मोकळे होता. शेवटच्या टप्प्यात उभे राहिलात तर तिथे ती पोहोचतेच दुपारी, आणि संपेपर्यंत अंधार पडायला येतो. संध्याकाळची गाडी किंवा विमान पकडायचं असेल तर दक्षिणेकडचा स्युडश्टाट भाग धरा. सेवेरीनश्ट्रासे अरुंद आहे, गाड्या हाताच्या अंतरावरून जातात, पण म्हणूनच तिथे नऊच्या आत पोहोचावं लागतं. थोड्या रुंद रस्त्यावर वळणाच्या आधी उभं राहणं आमच्या मते सगळ्यात चांगलं. वळणावर गाड्या मंदावतात, फेकणाऱ्याला वेळ मिळतो.

पैसे खर्चून बसायचं असेल तर मार्गावर तात्पुरते मांडव उभारलेले असतात. त्यांची तिकिटं काही महिने आधी विकली जातात. गुडघे दुखत असतील तर घ्या. एरवी रस्त्यावरची मजा तिथे येत नाही.

शेवटी येतं ते ‘त्रिकुट’: राजकुमार, शेतकरी आणि कुमारी. कुमारीही परंपरेने पुरुषच. राजकुमाराची गाडी सगळ्यात शेवटी असते, तोपर्यंत थांबाच. पुष्कळ लोक कंटाळून आधी निघतात आणि सगळ्यात जास्त फुलं जिथून उधळली जातात तीच गाडी चुकवतात.

खाणं, पिणं, आणि शौचालय

क्योल्श ही इथली बिअर ०.२ लिटरच्या सडपातळ ग्लासात येते. ग्लास लहान असल्याने माणूस हिशेब विसरतो: दहा ग्लास म्हणजे दोन लिटर. जुन्या बिअरगृहातला वाढपी, क्योबेस, ग्लास रिकामा झाला की न विचारता दुसरा ठेवतो आणि तुमच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर पेन्सिलीने रेघ मारतो. नको असेल तर चकती ग्लासवर ठेवायची. ‘नको’ म्हणण्याची ही तिथली पद्धत. गर्दीच्या दिवशी बऱ्याच ठिकाणी चकतीऐवजी आधी कुपनं घ्यावी लागतात. रोख पैसे आणि नाणी ठेवा.

‘हाल्व हान’ या पदार्थाचं नाव म्हणजे ‘अर्धा कोंबडा’, पण त्यात कोंबडा नसतो. राईचा पाव, लोणी, गौडा चीजचा जाड तुकडा, मोहरी आणि कांदा. शाकाहाऱ्यांना यापेक्षा सोपं काही मिळणार नाही. ‘रायबेकुखन’ म्हणजे किसलेल्या बटाट्याची तळलेली थालीपिठं, सोबत सफरचंदाची चटणी; त्यात अंडं असतं. जॅमभरले ‘बर्लिनर’ जागोजागी मिळतात. चरबीत तळले आहेत का ते विचारा, आणि कुणी फुकट देत असेल तर जपून चावा घ्या: जॅमऐवजी मोहरी भरून देणं ही इथली जुनी खोडी आहे.

जुन्या शहराच्या काही भागांत कार्निव्हलमध्ये काचेच्या बाटल्यांना बंदी असते. प्लास्टिकची बाटली किंवा कॅन न्या. कॅनवर २५ सेंट अनामत असते, रिकामा कॅन कचऱ्यात न टाकता डब्याशेजारी उभा ठेवा. ते गोळा करून पोट भरणारी माणसं असतात, त्यांना हात घालावा लागत नाही.

शौचालयाचा प्रश्न दिवसभर डोक्यात ठेवा. आडोशाला उभं राहणाऱ्या पुरुषांना जबर दंड होतो, आणि व्हायलाच हवा. पन्नास सेंट आणि एक युरोची नाणी मूठभर ठेवा, टिश्यू न्या, आणि गरज नसतानाही जिथे रांग लहान दिसेल तिथे जाऊन या.

चुकामूक, आणि इतर सावधगिरी

लाखभर माणसं एकाच चौकात फोन वापरत असल्याने नेटवर्क बसतं. मेसेज वीस मिनिटांनी पोहोचतो आणि चुकामूक वाढते. सकाळीच ठरवा: हरवलो तर दर तासाच्या ठोक्याला अमुक कोपऱ्यावर, आणि संध्याकाळी सहानंतर थेट हॉटेलवर. कॅथेड्रलच्या पायऱ्या ही भेटण्याची जागा ठरवू नका, सगळं शहर तेच ठरवतं. स्टेशनाच्या मागच्या बाजूचा ब्रेस्लाउअर प्लात्स त्यामानाने मोकळा असतो. हॉटेलच्या नावाचं कार्ड दोघांच्याही खिशात हवं. एकाच्या फोनवर सगळं ठेवून भागत नाही.

अनोळखी माणूस गालावर हलकी पापी देईल. तिला ‘ब्युत्सये’ म्हणतात, ती गालावरच आणि संमतीनेच. नको असेल तर हात पुढे करून ‘नाइन’ म्हणा, कुणाला वाईट वाटत नाही. त्यापुढे कुणी गेलं तर ते कार्निव्हलमध्ये बसत नाही. बायका-मुलींसाठी ‘एडेलगार्ड’ नावाने शहरात मदतकेंद्रं असतात, तिथे प्रश्न न विचारता बसवून घेतात. पोलिसांना ११०, रुग्णवाहिकेला ११२.

परत निघताना

सोमवारी संध्याकाळी गाड्या खचाखच असतात, जागेचं आरक्षण आधी करा आणि तासभर आधी स्टेशनात या. आणखी एक रात्र काढता आली तर मंगळवारी पेठांमधल्या छोट्या मिरवणुका आणि मध्यरात्री ‘नुबल’ बघा. दारूच्या गुत्त्यावर टांगलेला हा गवताचा पुतळा. आठवडाभरात जे काही झालं त्याचं खापर त्याच्यावर फोडून त्याला जाळतात. होळीभोवती बोंब मारून मोठे झालेल्यांना तिथे काय करायचं हे सांगावं लागत नाही.

जाताना बॅग अर्धी रिकामी ठेवा. दोन दिवसांत दोघांच्या पिशव्यांत चार-पाच किलो चॉकलेटं सहज जमतात आणि विमानात हातातल्या सामानाचं वजन तिथेच ओलांडतं. फुलांचे गुच्छ मात्र बॅगेत कोंबू नका. देठांना ओला टिश्यू गुंडाळा, वर प्लास्टिकची पिशवी बांधा आणि खिडकीशी उभे ठेवा. डब्यातल्या गरम हवेच्या जाळीपासून लांब.